निर्मलाताई आणि ते एक प्रकरण

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवेगावबांध इथे, बहिणीच्या अंगणात मासे साफ करत बसले होते. ताईंच्या शेजारच्या बाईंनी एवढंच सांगितलं, "ताई दुपारी झोपेतच गेल्या." रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की ताईंना कोर्टात खेचणारा तो माणूस आता शोकसभेला येणार, आणि चांगलं बोलणार...

शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी फुलचूरच्या घरात, पुढच्या खोलीत प्रकाशन सुरू केलं. नफा कमवायचा नाही, हे संस्थेच्या नियमातच घातलेलं. आपल्याकडच्या माणसांची पुस्तकं, त्यांच्याच झाडीबोलीत, एवढंच काम. छपाईआधीची मुद्रितं मी तपासायची. पहिल्याच पुस्तकात मी 'काऊन'चं 'का' केलं, तर ताई म्हणाल्या, "तुले कोणं सांगितलं सुधरवाले? ते बाई तशीच बोलते ना."

मग चिचगडकडच्या सगुणाबाईचं आत्मकथन आलं. त्यात एक प्रकरण होतं. तिच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीतली, घरं एका माणसाने रस्त्यासाठी ट्रॅक्टर लावून पाडली. सगुणाबाईची आजारी सासू आत खाटेवर होती. तिला बाहेर आणेपर्यंतही कोणी थांबलं नाही. भिंतीखालून काढलेली म्हातारी त्याच आठवड्यात गेली. तो माणूस आज मोठा समाजसेवक आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पुस्तकात आहे.

पुस्तक निघाल्यावर तो फुलचूरला आला. चहा घेतला, हात जोडले. "ताईजी, दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा बस वो एक प्रकरण काढून टाका. बाकी किताब मस्त आहे."

ताई म्हणाल्या, "सासू तिची मेली. काढायचं का ठेवायचं, ते तिले विचारा."

त्याने विचारलं नाही. आमच्या छापखान्याने आमचं काम घेणं बंद केलं. वाचनालयाने आमची पुस्तकं पोत्यात भरून परत पाठवली. मग त्याने ताईंवर भरलेला बदनामीचा खटला. तारखेला तो यायचा नाही, ताईंना मात्र जावं लागायचं, दुबळं हृदय घेऊन जिने चढत. शेवटच्या तारखेहून परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "मी थकली आता शकुन... पण तू ते प्रकरण काढजो नोको." डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ताई कशाने गेल्या असं कोणी विचारलं, तर मी त्या माणसाचं नाव घेते.

शोकसभेला त्याला मीच बोलावलं. ताईंचा भाऊ चिडला. "कायले बोलावून राहिली त्याले?"

"येऊ दे," मी म्हणाले. त्याला फोनवर सांगितलं होतं, की ताईंच्या संस्थेचं नवं पुस्तक तुमच्या हातून प्रकाशित करायचं आहे. "जरूर, जरूर," तो म्हणाला. कोणतं पुस्तक, हे त्याने विचारलं नाही. पुस्तकं कधी वाचली असती तर विचारलं असतं.

तो आला, फोटोला हार घातला, डोळे पुसले. ताईंचं काम म्हणजे आपल्या सगळ्यांची जिम्मेदारी, असं बोलला. मी लाल कागदात बांधलेली प्रत पुढे केली. त्याने फीत सोडली, कागद काढला आणि सवयीने पुस्तक कॅमेऱ्यांसमोर उंच धरलं. मुखपृष्ठावर सगुणाबाईचा चेहरा होता. दुसरी आवृत्ती, छत्तीसगडात छापून आणलेली, ते प्रकरण सगळ्यात आधी. खुद्द सगुणाबाई पहिल्या रांगेत बसली होती. ती उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं, चेहरा ओळखला, आणि हात तसाच वर राहिला, कारण फोटो चालूच होते. मग मी माइकवर ते प्रकरण वाचलं, नावासकट, सावकाश. तो मंचावरून उतरला तेव्हा त्याच्यासोबत कोणी उठलं नाही.

त्याने अजून नवा खटला भरलेला नाही. भरावा. कोर्टात दाखवायला माझ्याकडे फोटो आहे, त्याने स्वतःच ते पुस्तक उंच धरलेला. मेलेल्या माणसाच्या सभेत असं करू नये, असं काही जण मला सांगून गेले. मला जराही वाईट वाटलेलं नाही. ताई कदाचित मला रागे भरल्या असत्या... भरायला तरी त्या हव्या होत्या.

ताईंची एक सवय होती. आपली गोष्ट सांगायला आलेल्या बाईला खुर्ची द्यायच्या आणि स्वतः खाली सतरंजीवर लिहायला बसायच्या. परवा त्याच टोलीवरची दुसरी एक बाई आली. खुर्चीच्या कडेवर टेकली, पदर सावरला. मी खाली बसले.

"त्याचं नाव सांगू का बाई?" तिने हळूच विचारलं.

"आधी नावच सांग," मी म्हणाले.