लॉजातली पांढरी चादर

मैदानातली तांबडी माती लोक कपाळाला लावतात. लावोत बापडे. मी ती चादरींतून काढलेली आहे, त्यामुळं माझं तिच्याशी वैर आहे.

पन्नास सालानंतर काही वर्षं मी कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका लॉजात कामाला होते. खोल्या झाडायच्या, गाद्या घालायच्या, चादरी धुवायच्या. कुस्त्यांचं मैदान असलं की पैलवान आमच्याकडंच उतरायचे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू सगळं कालवलेलं; ताटात वाढली तरी चालेल. पण चादरीला लागली की पंचगंगा आटेल, डाग जायचा नाही.

म्यानेजर अंगानं काडी आणि आवाजानं ढोल. मैदानाच्या दिवशी सकाळीच त्यानं बजावलं, "बाई, आज एक जरी चादर तांबडी झाली तरी उद्यापासून यायचं नाही." माझ्या घरची चूल त्याच कामावर पेटायची.

दिवस कलताना एक पैलवान कुस्ती मारून आला. मागं निम्मं कोल्हापूर. गडी असा, की लॉजाच्या दारातून तिरका होऊन आला तरी चौकट कण्हली. डोक्यापासून नखापर्यंत माती.

मी खोलीच्या दारात आडवी आले. "पैलवान, न्हाणीत पाणी काढलंय. आधी आंघोळ, मग गादी."

"मावशे, उभं ऱ्हायचं बळ न्हाय गं. पडू दे की."

तेवढ्यात म्यानेजर हात जोडून पुढं. "पडा की पैलवान, लॉज तुमचंच आहे." आणि माझ्या कानाशी, "अडवू नको. आणि चादरीचं ध्यानात ठेव."

माझं डोकंच फिरलं. अडवायचं नाही आणि चादरही मळायची नाही. मग त्या डोंगराला काय आढ्याला टांगू?

आत गेले, गादीवरची चादर ओढून काढली. सज्ज्यातल्या दोरीवर म्यानेजरचं लग्नकार्यात नेसायचं तलम धोतर वाळत होतं. तेच दुहेरी करून अंथरलं. पैलवान असा कोसळला, की गादीतला कापूस शेजारच्या खोलीत गेला.

चादर घडी करून म्यानेजरच्या हातात दिली. "बघून घ्या. डाग न्हाय."

त्यानं ती उलटसुलट पाहिली. मग गादीकडं पाहिलं. "ते माझं धोतर का?"

"व्हय. चादर सांभाळ म्हणालासा. धोतराचं काय बोलला न्हाईसा."

जिन्यातली माणसं खोखो हसली. झोपलेल्या पैलवानाच्या अंगाखालून धोतर ओढायची त्याची छाती झाली नाही. चार लोकांदेखत चादर पांढरी निघाली, त्यामुळं मला काढताही येईना.

सगळे म्हणाले, बाई जिंकली. कसली जिंकली? दुसऱ्या दिवशी त्यानं ते धोतर माझ्याच पुढ्यात टाकलं. "धू," म्हणाला. सोड्यानं बोटांची सालं निघाली, तरी धोतर गुलाबीच राहिलं. त्यावरूनही बोलणी मीच खाल्ली.