मागच्या सीटवरची सुपारी

आमचे हे गेले आणि पाच-सहा महिन्यांनी त्यांची गाडीही बंद पडली. बॅटरी आणि पेट्रोल, दोन्हींवर चालणारी हायब्रिड. मला काही वाटलं नाही. तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. चहात साखर घालायची राहिली तरी पिऊन टाकायचे.

श्रीवर्धनहून मेकॅनिक आला. "ताई, मोठी बॅटरी गेली. जुन्या गाडीत नवीन घालायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." नुसत्या पेट्रोलवर चालेल का, विचारलं. बॅटरीशिवाय ती सुरूच होत नाही म्हणे.

पनवेलचे धाकटे दीर आलेच होते. "वहिनी, विकून टाका. सुपारीची वाडी कोणाला तरी कसायला देऊ. तुम्ही आणि आई चला माझ्याकडे." त्यांचंही खरं होतं. दिवेआगरात गाडीशिवाय दोन बायकांनी राहायचं कसं? मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे, आणि सासूबाईंचा दमा काही सांगून येत नाही. राहिलो काय, गेलो काय, मला सारखंच होतं. मी "बघू" म्हटलं.

मेकॅनिकनं मागची सीट काढली. बॅटरीला गार हवा मिळावी म्हणून तिथं एक जाळी असते. ती सुपारीच्या सालांनी गच्च बुजली होती. हे दरवर्षी सालासकट सुपारीची पोती सीटवर कोंबून बाजाराला न्यायचे. टेम्पो कशाला, म्हणायचे, गाडी आहे की!

"दादाचे उद्योग!" दीर म्हणाले. कोणी हसलं नाही.

सासूबाई सूप घेऊन आल्या, सालं गोळा करून न्हाणीच्या चुलीत घालायला निघाल्या. आमच्याकडे सालं वाया जात नाहीत. जाता जाता मला म्हणाल्या, "तुला जायचंय का पनवेलला?"

"मला काही कळत नाही, आई."

"मग आधी अंघोळ कर. पाणी तापवते."

पाणी कडकडीत तापलं. पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि एकदम संतापच आला. "अहो, मागच्या सीटवर पोती नका ठेवू म्हणून किती वेळा सांगितलं होतं!" मी भिंतीवर ओरडले. मग रडू आलं ते आवरेना.

ओल्या केसांनी अंगणात आले. दीर आणि मेकॅनिक खाली मान घालून उभे होते. सगळं ऐकलं असणार.

"घाला नवीन," मी मेकॅनिकला म्हटलं. "आम्ही इथंच राहणार. आणि सुपारी आता टेम्पोनं जाईल."