एक उरला
वसुधा शेवड्यांच्या घरात तांदळाचा डबा कधी तळाला जात नसे. मूठभर राखून वर नवे भरायचे, आणि तांदूळ ‘संपले’ म्हणायचं नाही, ‘वाढले’ म्हणायचं. परदेशीपुऱ्यातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, असं तिचे यजमान पंढरीनाथ चिडवायचे. पण बाई गणिताची असली तरी डबा सासूबाईंचा होता.

पंढरीनाथांना कारखान्याच्या क्लबात डार्टचा, म्हणजे आकड्यांच्या गोल बोर्डावर छोटे बाण फेकायच्या खेळाचा, नाद लागला होता. पोटाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळवल्यावर त्यांनी पलंगासमोर बोर्ड टांगून घेतला आणि ते बायकोला शिकवू लागले. पाचशे एकपासून सुरुवात, एका पाळीत तीन डार्ट, मिळालेले गुण वजा होत जायचे. शेवट मात्र नेमका शून्यावर, तोही बाहेरच्या बारीक कड्यात डार्ट मारून; तिथे आकडा दुप्पट धरतात. म्हणजे कड्यातले सगळ्यात कमी गुण दोन. एक उरला तर पाळी बाद, आकडा त्या पाळीच्या आधी होता तिथे परत.

वसुधाचा हात महिन्याभरात बसला. डाव मात्र एकही पुरा होईना. दोन उरले की डार्ट हटकून एकाच्या मोठ्या घरात, म्हणजे एक उरलाच. मग औषधाची वेळ व्हायची आणि डाव तसाच राहायचा.

डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं होतं. डाव उरलाय तोवर माणूस उरलाय, असा तिने देवाशी परस्पर सौदा करून टाकला होता. वेडेपणा होता, तिलाही कळत होतं. पण जीव अडकला की शहाणपण कुठे सुचतं?

एका दुपारी पुन्हा तेच झालं.

“फिर से एक?” पंढरीनाथ म्हणाले. “अरे यार वसु, मी पण तीस साल खेळलोय. तू चुकत नाहीस, चुकवतेस.”

“अहो, हात हलतो माझा.”

“हात नाही हलत. तू काय धरून बसलीयेस, मला माहितीये.” त्यांना धाप लागली. “रोज मी आस लावून बघतो आणि रोज तू मला अधांतरी ठेवतेस. बहोत थकलोय गं. एक डाव पूरा बघू दे.”

तिला एकदम लाज वाटली. आपण ह्यांना राखत नव्हतो, नुसतं टांगून ठेवत होतो.

पाळी बाद झाल्याने आकडा पुन्हा आठावर आला होता. पहिला डार्ट कड्याबाहेर गेला. दुसरा चाराच्या मोठ्या घरात, उरले चार. तिसरा हातात घेतला तेव्हा तिला बोर्ड नीट दिसेना. पदराने डोळे पुसून तिने तो दोनाच्या कड्यात मारला.

पंढरीनाथांना टाळी वाजवता आली नाही. त्यांनी गादीवर दोनदा तळवा आपटला. “शाब्बास! उद्या परत मांडू.”

ते त्यानंतर अठरा दिवस होते. रोज एक डाव झाला. वसुधाने एकही अर्धा सोडला नाही.