कानकाकांचा ट्रान्झिस्टर

आमच्या इमारतीच्या वायरमनला सगळे कानकाका म्हणतात. कुठल्या घरचा पंखा कुरकुरतोय, हे ते जिन्यातूनच सांगतात.

माझ्या मुलीला फिट येतात. येतेय असं वाटलं की ती उशाजवळचं बटण दाबते; ती खूण विजेच्याच तारांतून जाते आणि स्वयंपाकघरातली घंटा वाजते. गेल्या महिन्यात घंटा वाजलीच नाही. मुलगी पडली, पुढचे दोन दात गेले.

"कुणाच्या तरी यंत्राची खरखर तारांत शिरलीय," कानकाका म्हणाले. "तिच्यात घंटेची खूण बुडते."

मग ते एकेका घराची वीज बंद करून, खरखर थांबते का ते ऐकायला तारेजवळ जुना ट्रान्झिस्टर धरू लागले. रोज सकाळी आपल्या तळमजल्याच्या खोलीत तो लावायचे आणि तिथली खरखर शून्य धरायचे.

"आता आमच्या पोटातली गुरगुर पण मोजा!" तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या.

आठ दिवसांत तेवीस घरं झाली. चोर सापडेना.

"काका, एक घर राहिलंय," मी म्हटलं. "तुमचं."

ते हसले. आम्ही खाली त्यांच्या खोलीत गेलो; त्यांनी स्वतःचा स्विच पाडला, आणि ट्रान्झिस्टर एकदम गप्प झाला.

काकी चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्या गादीत पंपानं हवा भरते, सुटते. पंप जुना होत गेला तशी त्याची खरखर हळूहळू वाढली होती, पण त्याच्याशेजारी झोपून झोपून काकांच्या कानाला ती म्हणजेच शांतता वाटत होती.

"पंपाच्या तारेला फिल्टर बसवला की खरखर थांबेल. चार दिवस द्या, ताई. तोवर मी तुमच्या दाराशी बसतो."

"आणि तुमचा डोळा लागला तर? पंप बंद करा."

काकी माझ्याकडे बघत होत्या. "हे दिवसभर कामावर असतात. मला कुशीवर वळवायला याल का?"

मी हो म्हटलं. काकांनी पंप बंद केला. पहिल्या दिवशी दोनदा गेले. नंतर मुलीला एकटं सोडून जिना उतरवेना.

फिल्टर पाचव्या दिवशी आला, काडेपेटीएवढा. तोवर काकींची पाठ हाडापर्यंत उघडली होती.

काल कानकाका घंटा तपासायला आले. मुलीनं बटण दाबलं; घंटा खणखणीत वाजली.

"नीट वाजतेय ना, बाई?" त्यांनी विचारलं.

आजवर ते मला ताई म्हणायचे.