जुळवून ठेवलेली ओळ

अप्पा वारले त्या आठवड्याच्या अंकात त्यांच्याविषयी चार ओळी छापून आल्या. शेवटची ओळ खोटी होती. ती मी ठेवली होती.

हुबळीत तेव्हा निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकात मी बातम्या लिहीत असे आणि मुद्रितंही तपासत असे. चार पानांचा अंक शनिवारी निघे. छप्पन्न साली राज्यांच्या सीमा बदलल्या, हुबळी-धारवाड म्हैसूर राज्यात गेलं आणि इथल्या मराठी माणसांना मुंबई-पुण्याच्या पत्रांत जागा उरली नाही. ती या चार पानांत आली. कुणाच्या मुलीचं निपाणीला जमलं, कोण बी.ए. झालं, कुठल्या कापड दुकानदारानं इथल्या लॅमिंग्टन रोडला दुसरं दुकान घातलं, हे शनिवारी कळे. लोक पहिलं पान शेवटी वाचत. आधी तिसरं उघडत, कारण तिथं दुखवटे असत.

दुखवट्याचा मजकूर ठरलेला होता. नाव, वय आणि मागे कोण राहिलं एवढं बदलायचं. शेवटची ओळ मात्र छपाईचे खिळे जुळवून, दोऱ्यानं बांधून कायम तयार ठेवलेली असे: ‘दहाव्या दिवशी दशक्रिया व पिंडदान कुलाचाराप्रमाणे होईल.’ मुसलमान किंवा ख्रिस्ती माणूस असला तर ती काढत. वाचणाऱ्यांची नजर नावानंतर त्या ओळीवर जाई. ती आहे की नाही यावरून घर कुठलं ते कळे.

अप्पा, माझे वडील, रेल्वे वर्कशॉपात कामाला होते. छप्पन्न सालीच त्यांनी जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आले त्या दिवशी घरातले देव टोपलीत भरून उणकलच्या तळ्यात सोडून आले. मी नऊ वर्षांचा होतो, टोपलीचा एक कान मी धरला होता. त्यानंतर ते वाचायला शिकले, तेही याच साप्ताहिकावर. दर रविवारी सकाळी वस्तीतले लोक समाजमंदिराच्या ओट्यावर जमत आणि अप्पा अंक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचत. जाहिरातीसुद्धा. कुणी म्हणे, “अप्पा, साबणाचं ऱ्हाऊ द्या की.” ते म्हणत, “छापलंय न्हवं? मग वाचायचं.”

आमच्या वस्तीचं त्या अंकात काही येत नसे. वर्षाला जयंतीची एक बातमी, ती पण तीन ओळींची. मी तिथं नोकरीला लागलो तेव्हा अप्पांना वाटलं, आता येईल.

मी मात्र विद्यानगरात खोली घेतली होती. घरमालकीणबाई विधवा होत्या, मला दोन वेळचं जेवण त्याच देत. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नाही. बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. साप्ताहिकाचे मालक कापडाचे व्यापारी, मिरजेकडच्या घराण्यातले. त्यांनीही विचारलं नाही. एकदा बाईंनी श्रावणी सोमवारी मला देवघरातलं तीर्थ दिलं. मी घेतलं. त्यानंतर तर सांगायची सोयच राहिली नाही. अप्पांना खोलीवर यायचं होतं. मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगितलं. मग त्यांनी विचारणं सोडलं.

शेवटच्या दुखण्यात ते म्हणाले, “मी गेलो की तुझ्या पेपरात दे. बौद्ध म्हणून दे. ओट्यावर वाचू देत.”

मी हो म्हणालो.

ते मंगळवारी गेले. गुरुवारी त्यांचे वर्कशॉपातले सोबती, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, कचेरीत आले. पेन्सिलीनं लिहिलेला कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. चांगलं वळणदार अक्षर होतं: ‘पुण्यानुमोदन व बुद्धवंदना समाजमंदिरात होईल.’ शेजारच्या खोलीत मालक गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी कागद घडी करून खिशात टाकला.

“वाचून तरी बघ,” काका म्हणाले.

“वाचतो, काका. तुम्ही या.”

खिळे जुळवणारा माणूस कन्नड होता. मराठी अक्षरं तो पाहून पाहून, एकेक उचलून जुळवी, आणि आमच्यापेक्षा कमी चुका करी. आम्ही त्याला अण्णा म्हणत असू. मी नाव, वय, मागे पत्नी व एक मुलगा, एवढं कागदावर लिहून दिलं. त्यात माझं नाव घातलं नव्हतं. अण्णानं तेवढं जुळवलं, बांधून ठेवलेली ओळ हातात घेतली आणि विचारलं, “ह्ये ठेवू का काढू री?”

मी म्हणालो, “ठेवा.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला माहीत होतं, मला वाटतं. दोन दिवस मी दाढी न करता आलो होतो, आणि गावी कुणीतरी वारलं एवढंच सांगितलं होतं.

रविवारी ओट्यावर अप्पांच्या जागी काका बसले. मी अव्वाजवळ, आईजवळ, बसलो होतो. काकांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर अप्पांचं नाव आलं तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. चौथ्या ओळीपाशी काका थांबले.

अव्वा म्हणाली, “पुढं वाचा की.”

“ऱ्हाऊ दे, वैनी.”

“छापलंय न्हवं? मग वाचा.”

त्यांनी वाचलं. दशक्रिया, पिंडदान, कुलाचार. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, “अप्पा बी आतनं तसलेच निघाले म्हणायचे.” तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणालो, “प्रेसमधली चूक आहे. तो कानडी माणूस, त्याला कळत नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती येईल.”

सोमवारी मालक बाहेर असताना काका प्रेसमध्ये गेले आणि अण्णाला सगळ्यांसमोर कन्नडमधून बोलले. मी मुद्रितांवर मान घालून बसलो होतो. अण्णा एवढंच म्हणाला, “तप्पायितु.” चूक झाली. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. त्यानंतर मला तो कधी आदरानं ‘री’ म्हणाला नाही.

दुरुस्ती छापायची तर ती कुणाची आणि का, हे मालकांना सांगावं लागलं असतं. मी छापली नाही. पुढच्या रविवारी काकांनी अंक घेतला, तिसरं पान नुसतं पाहिलं आणि घडी घातली. ओट्यावरचं वाचन त्या दिवशी बंद पडलं. अव्वा मला म्हणाली, “त्यांनी देव तळ्यात सोडले. तू पेपरातनं परत घरात आणलेस.” ती त्यानंतर सहा वर्षं जगली. हे ती पुन्हा बोलली नाही, माझ्या हातचं पाणी मात्र तिनं मागून कधी घेतलं नाही.

साप्ताहिक बंद पडलं. मला सरकारी नोकरी लागली, नवनगरात घर झालं. गेल्या वर्षी धारवाडहून एक मुलगी आली. जुन्या मराठी पत्रांवरून इथल्या समाजाचा अभ्यास करत होती. तिनं त्या चार ओळींची झेरॉक्स पुढं ठेवली.

“सर, हे रेल्वे वर्कशॉपातलं घर. दीक्षा घेतलेलं, वस्तीत खात्री केली मी. तरी दशक्रिया आणि पिंडदान. म्हणजे जुने विधी चालूच होते. माझ्या एका प्रकरणाचा हाच आधार आहे. तुम्ही त्या साप्ताहिकात होता, या घराची काही माहिती?”

मी म्हणालो, “नाही.”

ती चहा पिऊन गेली. झेरॉक्स टेबलावर राहिली. आठ दिवस मी ती उलटी करून ठेवली. मग बसनं धारवाडला गेलो आणि तिला सगळं सांगितलं.

“सर, मला लेखी लागेल,” ती म्हणाली. “छापलेल्यासमोर तोंडी चालत नाही.”

मी तिथंच बसून लिहून दिलं. पहिलं वाक्य लिहिलं, जुळवणाऱ्याची चूक नव्हती. काकांचा पेन्सिलीचा कागद मी तेवीस वर्षं जपला होता, तोही जोडला. पेन्सिल पुसट झाली होती, बुद्धवंदना एवढा शब्द नीट वाचता येत होता.

परवा तिनं प्रबंधातली ती पानं पाठवली. ती प्रामाणिक मुलगी आहे, तिचा दोष नाही. वर, ठळक अक्षरांत, साप्ताहिकातल्या त्या चार ओळी जशाच्या तशा आहेत. तळाला, बारीक अक्षरांत, टीप आहे: ‘मृताच्या मुलाच्या म्हणण्यानुसार हा विधी झाला नव्हता व कुटुंब बौद्ध होते.’

अप्पा बौद्ध होते, हे आता माझ्या म्हणण्यानुसार आहे.