अक्कांचा कान आणि अण्णांचा पाय

अक्का डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबत. चुलीकडे तोंड करून भाकऱ्या थापताना जिन्यावरून कोण उतरतंय, कुणाच्या ताटातली भाकरी संपलीय, हे त्यांना मागे न वळता कळायचं. मी आजऱ्याजवळच्या खेड्यातून इंजिनियरिंग शिकायला कोल्हापुरात आलो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. अक्कांच्या खानावळीत सुरुवातीला तिसरी भाकरी मागायचं धाडस होत नव्हतं. एकदा त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "इंजनेर, बोटं चाटल्याचा आवाज येतोय. भाकरी घे की." सगळी पंगत हसली आणि माझी उपासमार संपली.

त्यांना मनात काही ठेवता येत नसे. कौतुक असो की शिवी, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "पाठीमागं बोलणाऱ्याची जीभ मला न्हाय," असं त्या अभिमानाने सांगत.

खानावळीतून औद्योगिक वसाहतीत डबे जात. त्यासाठी अक्कांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. मागची सीट काढून तिथे डब्यांचे कप्पे बसवले होते. गाडीवर अण्णा होते. कर्नाटकच्या सीमेकडचे, पेठ वडगावात मुलीजवळ राहणारे, वयाने अक्कांपेक्षा मोठे, तरी त्यांना अक्काच म्हणणारे. सकाळी लवकर येऊन ते गाडी चालू करून ठेवत, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून भाकरी-चटणी खात. मिठावरून, पावसावरून, जावयावरून दोघांची रोज भांडणं चालत. त्या भांडणाशिवाय आमचा नाष्टा अळणी लागायचा.

त्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा जास्त पडली. अण्णा अंग आखडून गाडीतच बसून राहू लागले, आणि अक्कांच्या कानाने टिपलं की सकाळी गाडीचा आवाज ॲक्सिलरेटर दाबून धरल्यासारखा चढा लागतोय. त्यातच डिझेलही थोडं लवकर संपलं. दोन्हीची सांगड घालून अक्कांनी निकाल देऊन टाकला. सगळी पंगत बसलेली असताना दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "अण्णा, दुसऱ्याच्या डिझेलवर शेकोटी करालाय व्हय? रेसवरचा पाय काढा."

पंगतीत कुणीतरी हसलं. अण्णा गाडीतून उतरले. "पाय लावलेला न्हाय अक्का," एवढंच म्हणाले. अक्का म्हणाल्या, "माझा कान खोटं बोलतोय काय?" अण्णांनी आत हात घालून गाडी बंद केली, किल्ली डब्यांच्या शेजारी ठेवली आणि ते चालत गेले. टोपी हातातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी डबे न्यायला खानावळीतलाच एक मुलगा तयार झाला. त्याने गाडी चालू केली तर तोच चढा आवाज. अक्का पदर खोचून बाहेर आल्या आणि वाकून त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. दोन्ही पाय मोकळे होते. थोड्या वेळाने आवाज आपोआप खाली आला. अक्कांनी मला हाक मारली आणि हे असं का, म्हणून विचारलं.

मी उत्साहाने सांगू लागलो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. थंडीत इंजिनाचं गार लोखंडच ती उष्णता खातं, ऑइलही घट्ट झालेलं असतं, मग इंजिन हळू फिरवलं तर बंद पडेल. म्हणून गाडीतला छोटा कॉम्प्युटर गारठा ओळखून स्वतःच थोडं जास्त डिझेल देतो आणि इंजिन जोरात फिरवतो. गरम झालं की पुन्हा सावकाश. "थिजलेल्या तेलागत," अक्का म्हणाल्या. मी म्हणालो, अगदी बरोबर. माझं शिक्षण पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं म्हणून मी खुशीत होतो. मग अक्कांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ती खुशी विरली.

त्याच दुपारी त्या मला घेऊन एसटीने वडगावला गेल्या. अण्णांच्या दारात पोचल्यावर मला पुढे करून म्हणाल्या, "ह्यो सांगतोय बघा, गाडीचं कसं असतंय ते." चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हता. तो माझ्याकडून वदवून घ्यायला त्यांनी मला आणलं होतं. मी पुन्हा हवा, उष्णता, ऑइल असं सगळं सांगितलं. अण्णांनी पाहुण्याचं ऐकावं तसं शांतपणे ऐकलं. मुलीला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे आता गाडीनं सांगितलं म्हणून खरं. मी सांगितलेलं खरं न्हवतं."

अक्का खाली बघत पदराचं टोक पिळत राहिल्या.

आज मी एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघतो. मशीनवरचा माणूस काही सांगतो तेव्हा माझी नजर आधी स्क्रीनकडे जाते. अशा वेळी अण्णांचं ते वाक्य आठवतं आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला ओशाळं वाटतं.

वडगावच्या त्या भेटीनंतर अण्णा परत आले. नातवंडांच्या शाळेच्या फीसाठी म्हणा, अक्का दारापर्यंत आल्या म्हणून म्हणा. पण उंबऱ्यावर बसले नाहीत. गाडी चालू केली की ते खाली उतरत आणि स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल अशा जागी, भिंतीपाशी, हात पाठीमागे बांधून उभे राहत. आवाज खाली आला की मगच गाडीत बसत. अक्का एकदा म्हणाल्या, "गारठा हाय अण्णा, आत बसा." त्यावर ते म्हणाले, "असू दे अक्का. दिसत ऱ्हायलेलं बरं." त्यात राग नव्हता. राग असता तर अक्कांना भांडता आलं असतं.

त्यानंतर अक्कांनी गाडी चालू होण्याच्या वेळी मिक्सर लावायला सुरुवात केली. बाहेरचं काही ऐकू येऊ नये एवढा तो खरखरायचा. नोकरीसाठी पुण्याला निघालो त्या सकाळी निरोप घ्यायला मी आत गेलो. बाहेर अण्णा भिंतीपाशी उभे होते, इंजिन जोरात फिरत होतं. अक्का माझ्याकडे पाठ करून दोन्ही हातांनी मिक्सरचं झाकण दाबून उभ्या होत्या. मी पाया पडायला वाकलो तेव्हा मिक्सरचं पारदर्शक भांडं नजरेस पडलं. त्यात काहीच नव्हतं.