आरतीच्या चालीवर घाट: श्रीलंकेतली जुन्या गाड्यांची शर्यत

मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात मी काम करतो, स्कूटरने जातो आणि स्कूटरने येतो. असा माणूस जुन्या गाडीच्या शर्यतीला श्रीलंकेत कसा पोहोचला, हे अजून माझं मलाच नीट उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उमगेल, म्हणून लिहितो आहे.

आमच्या मिलचे थोरले शेठ नवीनकाका. वय सत्तरीच्या घरात, कारभार आता मुलगा केतनभाई बघतात. कँडीचे गुणपाल नावाचे व्यापारी पूर्वी दरवर्षी सुरतेला साड्यांच्या खरेदीला यायचे. त्यांची आणि काकांची जुनी दोस्ती. गुणपाल यांच्याकडे पन्नासच्या दशकातली एक छोटी ब्रिटिश गाडी आहे आणि तिकडच्या हौशी मंडळींची घाटातली शर्यत असते. यंदा गुणपाल यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांनी काकांना फोन केला, "गाडी माझी, हात तुझे. ये."

त्याआधी दोनदा काकांनी मिलच्या फाटकाला मोटार घासली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने ठीक आहे." या वाक्याने केतनभाईंचं समाधान होईना. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाटीलभाई, पप्पांच्या बाजूला शर्यतीत एक माणूस बसावा लागतो. तमे जाओ."

"मला त्यातलं काही कळत नाही, केतनभाई."

"न कळू दे. तमे खोटुं नथी बोलता, एटले बस. परत येऊन मला एवढंच सांगा, पप्पांनी गाडी चालवावी की नाही. तुम्ही नाही म्हणालात तर चावी मी काढून घेईन. हो म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाही."

गळ्यात तुळशीची माळ असली की लोक आपल्याला तराजू समजतात. बायको घरी अहिराणीतच म्हणाली, "तुमले गाडीमझारलं काय समजस?" मलाही तेच विचारायचं होतं, पण कोणाला, ते कळेना.

सुरतेहून गाडीने मुंबई आणि मुंबईहून विमानाने कोलंबो. विमान अडीच-तीन तासांचं. देशात शिरायची परवानगी ऑनलाइन मिळते. मात्र तिथे गाडी चालवायची असेल तर आपलं आंतरराष्ट्रीय परमिट तिकडेही मान्य करून घ्यावं लागतं. नियम बदलत असतात, जाण्याआधी विचारून घ्या. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे तिनाहून जास्त, त्यामुळे पहिले दोन दिवस सगळं महाग वाटतं आणि मग सगळंच स्वस्त. खरं किती, ते घरी आल्यावर कळतं.

कोलंबोहून कँडीला गुणपाल यांच्या पुतण्याच्या व्हॅनने निघालो. वाटेत एका टपरीवजा हॉटेलात थांबलो. तिथे आप्पम मिळतात, कडा कुरकुरीत आणि पोट मऊ. सोबत तांबडी नारळाची चटणी, तिला ते संबोल म्हणतात. मी आधीच विचारून ठेवलं, "नो फिश?" वाढणाऱ्या बाईंनी हसून सांगितलं, "नो फिश, नो फिश." अर्धं आप्पम पोटात गेल्यावर चटणीत करड्या रंगाचा लाकडाच्या भुशासारखा कीस दिसला.

"हे काय?"

"मालदीव फिश, सर."

"तुम्ही तर नो फिश म्हणालात!"

"फिश नाही सर. मालदीव फिश." बाईंच्या चेहऱ्यावर माझ्याइतकाच गोंधळ होता. वाळवून दगडासारखा झालेला तो मासा त्यांच्या लेखी मसाला आहे, मासा नव्हे.

मी हात धुऊन आलो आणि मनातल्या मनात देवाची माफी मागितली. नवीनकाका पक्के वैष्णव. त्यांनीही घास बाजूला ठेवला, हात जोडले, "भूल थई गई, ठाकोरजी." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पण पाटील, टेस्ट?" शाकाहारी वाचकांनी "मालदीव फिशसुद्धा नको" असं स्पष्ट सांगावं.

गुणपाल यांच्या घरी त्यांच्या पत्नी मालिनी आंटींना सुरती लोकांची सवय. त्यांनी कोवळ्या फणसाची भाजी केली होती, नारळाच्या दुधातली डाळ आणि तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या. त्या चकत्या बघून मला एकदम घर आठवलं. आमच्या खानदेशात कुरडया वाळत घालण्याआधी ओल्या असताना पोरं पळवतात ना, अगदी तशाच. शेवटी मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर काकवीसारखा ताडाचा पाक. काकांनी भांडं पुसून घेतलं. सुरतेचा माणूस जेवणाच्या बाबतीत कुठेही परका होत नाही.

संध्याकाळी कँडीत फिरलो. मुख्य बुद्धमंदिराजवळच विष्णूचं देऊळ आहे. मी आनंदाने आत गेलो तर मूर्तीपुढे पडदा. उघडेल म्हणून उभा राहिलो. लोक येत होते, पडद्यासमोर फुलं ठेवत होते आणि जात होते. पुजाऱ्यांना विचारलं, "दर्शन कधी?" ते म्हणाले, "झालं की." मी पडद्याला नमस्कार करून बाहेर आलो. देव बघितला की नाही, हे त्या रात्री बायकोला फोनवर सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात मिळाली. लोण्याच्या रंगाची, बेडकासारख्या डोळ्यांची. वळायचं असलं की दारामागच्या खांबातून केशरी दिव्याचा एक छोटा हात बाहेर पडतो आणि वळून झालं की आत जातो. काकांनी स्टिअरिंगला आधी हात लावला, मग तोच हात कपाळाला. मी डॅशबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं. गुणपाल काठी टेकून बघत होते. म्हणाले, "इन्शुरन्सपेक्षा हे स्वस्त आहे."

शर्यत होती वरच्या चहाच्या मळ्यांत. तिकडे जाताना धुकं उतरलं. रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा, त्याचा त्रास नव्हता. काका गाणं गुणगुणत होते. एका वळणावर पांढरट धुक्यातून अचानक एक रिक्षा समोर आली. "काका!" मी ओरडलो. ब्रेक लागला, गाडी थरथरून उभी राहिली. रिक्षावाला हात हलवून निघून गेला.

"जोयुं हतुं," काका म्हणाले. म्हणजे रिक्षा त्यांना दिसली होती. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "जोयुं हतुं, पाटील." पण त्यांचं गाणं थांबलं होतं. ब्रेक आधी लागला की मी आधी ओरडलो? तेव्हापासून आठवतो आहे. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

शर्यतीचा दिवस उजाडला. मी समजत होतो की जो पहिला वर पोहोचेल तो जिंकला. तसं नव्हतंच. एकेक गाडी सोडतात आणि घाट दोनदा चढायचा, सकाळी एकदा, दुपारी एकदा. ज्याच्या दोन्ही चढणींना लागलेला वेळ जवळजवळ सारखा, तो जिंकला. किती वेगाने गेलात याला अर्थ नाही. घड्याळं आणि फोन एका पिशवीत काढून घेतले. गाडीतल्या घड्याळावरही कागद चिकटवला.

"म्हणजे जे केलं तेच पुन्हा करायचं," मी म्हणालो.

"तेच तर अवघड," पुतण्याच्या व्हॅनने वर आलेले गुणपाल म्हणाले.

सकाळची चढण माझ्या फारशी लक्षात नाही, कारण मी डोळे मिटले होते. डाव्या हाताला दरी, मळ्याचा रस्ता हातभर रुंद. मी रोज संध्याकाळी म्हणतो त्या आरत्या ओळीने म्हणत सुटलो. गाडी थांबली तेव्हा डोळे उघडले. केतनभाईंनी पाठवलेला साक्षीदार असा.

"तू काय पुटपुटत होता रे?" काकांनी विचारलं.

"आरत्या. गणपतीची चहाच्या कारखान्यापाशी संपली, वाफेचा वास आला म्हणून कळलं. मुरुगनच्या देवळाची घंटा वाजली तेव्हा देवीची सुरू केली. शेवटची संपली आणि गाडी थांबली."

काकांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "अरे, मग आपलं घड्याळ आपल्याकडेच आहे! ते कोण पिशवीत टाकणार?"

गुणपाल यांना विचारलं. ते पोट धरून हसले. नियमांत घड्याळाला बंदी होती, देवाला नव्हती.

दुपारी मळ्यातल्या शेडमध्ये जेवण. नारळाच्या दुधात शिजवून वडीसारखा कापलेला भात, वांग्याची आंबटगोड भाजी, डाळ. मी दोनदा घेतलं.

दुसऱ्या चढणीला मी डोळे उघडे ठेवले आणि मोठ्याने सुरुवात केली. काका कान देऊन चालवत होते. गणपती संपायला आणि कारखाना यायला एकच गाठ पडली. "बराबर?" "बराबर!" मग अर्ध्या चढावर काकांनी करकचून ब्रेक मारला. मला समोर रिकामा रस्ता दिसत होता. चहाच्या झुडपांतून एक भलीमोठी घोरपड निघाली आणि सरकारी पाहुण्यासारखी सावकाश रस्ता ओलांडू लागली.

"तुला नाही दिसली?" काका म्हणाले.

आता आली पंचाईत. एकदा सुरू केलेली आरती मधे तोडायची नसते, असं लहानपणापासून ऐकलेलं. थांबावं की म्हणत राहावं? मी म्हणत राहिलो. गाडी उभी आणि आरती पुढे! घोरपड गेल्याबरोबर काकांनी गियर टाकला आणि आरती गाठायला निघाले. ती वळणं त्यांनी अशी घेतली की गाडीचा केशरी हात नुसता आत-बाहेर होत होता. देवळाची घंटा आणि देवीची पहिली ओळ पुन्हा एकत्र आली. शेवटच्या आरतीचा शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि चाक रेषेवर. आम्ही एकमेकांकडे बघून असे हसलो, जणू चषक मागच्या सीटवरच आहे.

निकाल फळ्यावर लावला. आमचं नाव खालून दुसरं. आमच्याखाली फक्त एक गाडी, आणि ती दुपारी वर चढलीच नव्हती. आमची दुसरी चढण पहिलीपेक्षा खूपच लांबली होती.

"घोरपड," काका म्हणाले.

"पण घोरपडीनंतर तुम्ही आरती गाठली होती ना?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही पाढे एका सुरात म्हणायचो. गुरुजी छडी घेऊन जवळ आले की तोच पाढा दुप्पट वेगाने पळायचा, आणि गुरुजी लांब गेले की रेंगाळायचा. शब्द तेवढेच. सकाळी मी दरीला घाबरून आरत्या म्हटल्या होत्या.

"काका, चूक माझी. घड्याळच चुकीचं होतं."

काकांनी क्षणभर विचार केला आणि खदाखदा हसले. "सकाळी तू घाबरलेला, दुपारी तू जेवलेला!" प्रत्येकाला मळ्याच्या चहाचं एक पाकीट मिळालं. काकांनी ते छातीशी धरून फोटो काढून घेतला.

मी मात्र जास्तच गोंधळलो. माझ्या चुकीच्या घड्याळाबरोबर त्यांनी गाडी अचूक चालवली होती. जी घोरपड मला दिसली नाही ती त्यांना दिसली होती. आणि ती रिक्षा?

परतीच्या विमानात काका खिडकीशी बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "केतनला काय सांगणार?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझाच मुलगा आहे रे. तुझं नाव त्याने काढलं तेव्हाच समजलो. मी पण हा म्हटलं. दुसरा कोणी असता तर मला खूश करून गेला असता." मग खिडकीकडे वळले. "ती धुक्यातली रिक्षा. मी आधी पाहिली की तू ओरडला म्हणून ब्रेक मारला?"

"मला नाही सांगता येणार, काका."

ते खाली ढगांकडे बघत राहिले. "मला पण नाही," म्हणाले.

केतनभाई सुरत स्टेशनला घ्यायला आले होते. काका मागे बसले, मी पुढे. उधना येईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग केतनभाईंनी आरशातून मागे आणि मग माझ्याकडे बघितलं. "बोलो, पाटीलभाई."

मी सगळं सांगितलं. रिक्षा, घोरपड, कठडा नसलेली ती वळणं, माझे मिटलेले डोळेसुद्धा. काही वगळलं नाही. आणि शेवटी म्हणालो, "चालवावी की नाही, ते मला कळलं नाही."

"तमे पण शुं, पाटीलभाई! एवढ्या लांब पाठवलं ते याच्यासाठी?"

"तुम्ही कधी बसला आहात त्यांच्या बाजूला? इतक्यात?"

केतनभाईंनी गियर बदलला. मागून काका म्हणाले, "रविवारी सकाळी हजीरा रोड मोकळा असतो."

तर वाचकहो, जुनी गाडी आणि डोंगर यांची हौस असेल तर जरूर जा. पाऊस टाळा, गरम कपडे न्या, म्हशीचं दही चुकवू नका. माझ्याबरोबर काय आलं म्हणाल तर एक चहाचं पाकीट आणि एक खोड. संध्याकाळी आरती झाली की नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. एकाही दिवशी वेळ सारखी येत नाही. बायको म्हणते, आज कोणाला घाबरला होतात?

त्या रविवारी बाप-लेक हजीऱ्याकडे जाऊन आले. सोमवारी सकाळी केतनभाई स्वतः माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले, थोडा वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"पाटीलभाई," ते म्हणाले, "मला पण नाही कळलं."

येत्या रविवारी पुन्हा बघून येणार आहेत.